बंद बोगदा, सायकलमार्ग आणि ५० पौंडांचे भाडे

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायर भागात ब्रॅडफर्ड आणि हॅलिफॅक्स या दोन शहरांच्या मधल्या डोंगराखाली क्वीन्सबरी नावाचा एक जुना रेल्वे बोगदा आहे. तो १९५६ साली वापरातून गेला. या बोगद्याला दक्षिणेकडे उतार आहे, त्यामुळे आत झिरपणारे सगळे पाणी दक्षिण तोंडाशी जाऊन साठते. पूर्वी ते तोंडापुढच्या खोल कटिंगमधून, म्हणजे डोंगर कापून केलेल्या खिंडीतून, बाहेर पडत असे. परंतु रेल्वे बंद झाल्यावर त्या कटिंगमध्ये कचरा आणि माती टाकून ती बुजवण्यात आली, आणि पाणी उपसण्यासाठी पंप लावावा लागला. पंप ज्या जागेत होता तिचे भाडे वर्षाला ५० पौंड, म्हणजे आपल्या हिशेबाने पाचेक हजार रुपये होते. बोगद्याची देखभाल करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून ते भाडे भरले गेले नाही, करार संपला, पंप बंद पडला आणि बोगद्याचा दक्षिण भाग पाण्याखाली गेला. पुढे त्याच पाण्यामुळे आतली कामे अवघड आणि महाग होत गेली.

ही गोष्ट ब्रिटनमध्ये बरीच गाजली, आणि ती ऐकणाऱ्याला सरकारी अनास्थेचा नमुना म्हणून हसू येते. मला मात्र ती या साऱ्या प्रश्नाची किल्ली वाटते. बंद पडलेल्या बोगद्यातून सायकलमार्ग काढावा अशी मागणी कोणी केली की पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा, आणि तो विचारताना असे गृहीत धरलेले असते की बोगदा आहे तसा पडू दिला तर काहीच खर्च नाही. वस्तुस्थिती तशी नाही. कुलूप लावलेला बोगदासुद्धा दरवर्षी पैसे खातो, आणि ते कोणी द्यायचे यावरून खरी लढाई होते.

आधी बोगदा म्हणजे काय ते पाहू. डोंगरातून आरपार पोकळी खणली की वरचा खडक त्या पोकळीत उतरू पाहतो. खडक एकसंध आणि कठीण असेल तर तो स्वतःला तोलून धरतो. ठिसूळ किंवा भेगाळलेला असेल तर आतून विटांचे किंवा दगडाचे कमानदार अस्तर बांधावे लागते, आणि वरचा भार त्या अस्तराच्या कमानीतून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उतरतो. आपल्याकडे मुंबईजवळ पारसिकच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा खिडकीबाहेर जी भिंत सरकताना दिसते, ती असेच काम करत असते. या अस्तराचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. ते सांध्यांतला चुना हळूहळू विरघळवून नेते, तोंडाजवळच्या भागात हिवाळ्यात गोठते आणि विटांचे पापुद्रे काढते, आणि निचऱ्याची वाट बंद झाली तर अस्तराच्या मागे साठून त्याच्यावर दाब आणते. गाड्या चालू असतात तोवर गँगमन रोज फिरतात, गटारे साफ होतात, निखळलेली वीट दिसली की बसवली जाते. शेवटची गाडी गेली की हे सगळे थांबते. झिरपणे थांबत नाही.

क्वीन्सबरीचा बोगदा २,२८७ मीटर लांब आहे, म्हणजे पारसिकच्या दुपटीला थोडा कमी. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यापुढे तो लहान वाटेल, पण त्याचे खोदकाम १८७४ साली सुरू झाले होते हे लक्षात घ्यायला हवे. त्या काळी लांब बोगदा केवळ दोन टोकांकडून खणत नसत. डोंगराच्या माथ्यावरून ठिकठिकाणी खोल विहिरी, म्हणजे शाफ्ट, खाली उतरवत आणि प्रत्येक शाफ्टच्या तळापासून दोन्ही दिशांना खणत जात. त्यामुळे एकाच वेळी अनेक ठिकाणी काम चाले, आणि गाड्या सुरू झाल्यावर याच विहिरींतून धूर बाहेर पडे. १८७८ मध्ये मार्ग सुरू झाला, तोपर्यंत किमान दहा कामगारांनी प्राण गमावले होते. हा सगळा मार्ग इतका चढउताराचा आणि पुलाबोगद्यांचा होता की रेल्वेचे लोक त्याला आल्प्सचा मार्ग म्हणत.

हेच शाफ्ट आज सर्वांत मोठी चिंता आहेत. बोगद्याचे अस्तर शाफ्टच्या तळाशी कमकुवत असते, कारण तेथे कमानीला भोक पडलेले असते. तेथे काही कोसळले तर त्याचा परिणाम थेट जमिनीवर, क्वचित एखाद्या घराजवळ किंवा रस्त्याजवळ दिसू शकतो. म्हणून बोगद्याच्या मालकाला तो वापरात नसला तरी विसरता येत नाही. तपासणी करावी लागते, डागडुजी करावी लागते, आणि अपघात झाला तर दायित्व त्याच्याकडेच राहते.

मग हा मालक कोण? ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत हजारो मैलांचे रेल्वेमार्ग बंद झाले. रूळ उचलले गेले, जमिनी विकल्या गेल्या, पण पूल, मोऱ्या, बोगदे यांना सहसा गिऱ्हाईक मिळाले नाही. रेल्वेचे खाजगीकरण झाल्यावर ही उरलेली बांधकामे एका अवशिष्ट सरकारी मंडळाकडे राहिली, आणि २०१३ मध्ये ते मंडळही बरखास्त झाल्यावर त्यांची मालकी वाहतूक खात्याकडे व देखभाल महामार्ग सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे गेली, जी पुढे सरकारी कंपनी झाली. अशी तीन हजारांहून अधिक बांधकामे तिच्या ताब्यात आली. येथे एक विसंगती आहे, आणि ती दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकताना ध्यानात ठेवली पाहिजे. त्या कंपनीला नेमून दिलेले काम या बांधकामांपासून लोकांना असलेला धोका कमीत कमी खर्चात आटोक्यात ठेवणे हे आहे. बोगद्याचा कोणाला काय उपयोग होईल, हे तिच्या कामाच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे तिच्या वहीत क्वीन्सबरीचा बोगदा फक्त खर्चाच्या रकान्यात दिसतो. स्थानिक लोकांच्या वहीत तो जमेच्या रकान्यातही असतो. दोघेही आपापल्या जागी खोटे बोलत नसतात.

स्थानिकांची मागणी समजून घ्यायची तर नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागतो. क्वीन्सबरी हे गाव उंचावर आहे आणि डोंगरावरून जाणारा मोटाररस्ता चढाचा व रहदारीचा आहे. त्याच जुन्या रेल्वेमार्गाच्या उत्तरेकडच्या काही तुकड्यांवर, ह्यूएंडेन आणि थॉर्नटन येथल्या उंच दगडी पुलांसह, सायकल व पायवाट आधीच तयार झालेली आहे. दक्षिणेला हॅलिफॅक्स आहे. मध्ये डोंगर. रेल्वेने हा डोंगर टाळण्यासाठीच बोगदा खणला होता, आणि सायकलस्वाराची गरज रेल्वेसारखीच असते: त्याला चढ नको असतो. वाफेच्या इंजिनाला झेपावा म्हणून १०० मीटरला १ मीटर एवढाच ठेवलेला उतार दहा वर्षांच्या मुलालाही झेपतो. घाटरस्त्यावर सायकल रेटलेल्या कोणालाही यातले महत्त्व वेगळे सांगायला नको.

येथे बहुतेक वाचकांच्या मनात हवेचा प्रश्न येतो. दोन किलोमीटर आत गेल्यावर गुदमरायला होणार नाही का? उत्तर सोपे आहे, आणि ते बाथ शहराजवळच्या कूम डाउन बोगद्याच्या इतिहासातून चांगले कळते. हा १,६७२ मीटरचा एकेरी मार्गाचा बोगदा १८७४ साली सुरू झाला आणि त्याला मध्ये एकही शाफ्ट नव्हता. २० नोव्हेंबर १९२९ रोजी एक जड मालगाडी चढ चढत अगदी संथ गतीने या अरुंद बोगद्यातून जात असताना इंजिनावरचे कर्मचारी धुराने बेशुद्ध झाले. गाडी तशीच बोगद्याबाहेर पडली, पुढच्या तीव्र उतारावर वेग घेत बाथच्या मालधक्क्यात जाऊन आदळली, आणि चालकासह तीन माणसे दगावली. आज त्याच बोगद्यातून लोक सायकलवरून, मुलांना मागे बसवून, कुत्रे घेऊन जातात. कारण बोगद्यातली हवा वाईट नव्हती, इंजिन तिला वाईट करत होते. सायकल धूर सोडत नाही, आणि दोन्ही तोंडे उघडी असली की तापमानातल्या व दाबातल्या फरकाने हवा आपोआप वाहत राहते. बोगद्यात थंडी असते, काही ठिकाणी छतातून थेंब पडतात, पण श्वासाची अडचण येत नाही.

कूम डाउनचा मार्ग ७ मार्च १९६६ रोजी बंद झाला. २००६ च्या सुमारास तेथल्या काही रहिवाशांनी हा आणि त्याच मार्गावरचा लहान डेव्हनशायर बोगदा असे दोन्ही उघडण्याची मोहीम सुरू केली आणि ६ एप्रिल २०१३ रोजी मार्ग खुला झाला. सात वर्षे हा या क्षेत्रात वेगवान कारभार समजावा. ते कशामुळे जमले याकडे बारकाईने पाहिले तर उत्साहापेक्षा जुळून आलेल्या गोष्टी अधिक दिसतात. कूम डाउन बोगदा त्या भागातल्या पाणीपुरवठा कंपनीकडे होता, म्हणजे समोर बोलायला एकच आणि स्थानिक मालक होता. सायकलमार्गांसाठी काम करणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने देशभरातल्या अशा प्रकल्पांची एकत्र मोट बांधली होती, आणि लॉटरीच्या उत्पन्नातून मिळणाऱ्या ५ कोटी पौंडांच्या निधीसाठी २००७ मध्ये दूरचित्रवाणीवरून जे जनमत घेतले गेले त्यात ती जिंकली. त्यातला वाटा या बोगद्यांना मिळाला. उरलेली रक्कम नगरपालिका, इतर निधी आणि लोकवर्गणी यांतून उभी राहिली. सर्वांत निर्णायक गोष्ट अशी की काम झाल्यावर बोगद्याची जबाबदारी घ्यायला स्थानिक परिषद, म्हणजे तेथली नगरपालिका, तयार होती.

मोहीम चालवणाऱ्यांना ही शेवटची अट सर्वांत उशिरा कळते, असे मला अनेक प्रकरणे वाचताना वाटले. स्वाक्षऱ्या जमवता येतात, पैसेही जमवता येतात. परंतु शंभर वर्षे डोंगराखालच्या कमानीचे दायित्व घेऊ शकेल अशी कायम टिकणारी संस्था हौशी मंडळींना निर्माण करता येत नाही. वेल्समधल्या ऱ्होंडा बोगद्याचे उदाहरण येथे बोलके आहे. तो ३,१४८ मीटर लांब आहे, ऱ्होंडा खोऱ्यातला कोळसा स्वान्सीच्या बंदराकडे नेण्यासाठी १८९० मध्ये सुरू झाला आणि अस्तराच्या काळजीने १९६८ साली बंद झाला. पुढे त्याची तोंडे मातीखाली पुरली गेली. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी संस्था स्थापन केली, आणि त्यानंतर आत उतरून केलेल्या पाहणीत बोगद्याचा बराचसा भाग चांगल्या अवस्थेत आढळला. बोगदा वेल्समध्ये, पण मालकी लंडनच्या वाहतूक खात्याकडे, अशी तेथली अडचण. त्यामुळे खोदकामाचा पहिला फावडा मारण्याआधी संस्थेला वर्षानुवर्षे लंडनच्या सरकारकडून वेल्सच्या सरकारकडे मालकी कशी जावी याच्या वाटाघाटींत घालवावी लागली.

आता पैशाकडे वळू, कारण क्वीन्सबरीत वाद तेथेच पेटला. २०१६ मध्ये देखभाल यंत्रणेच्या सल्लागारांनी बोगदा दुरुस्त करण्याचा खर्च ३ कोटी ५४ लाख पौंड काढला. बोगदा वाचवू पाहणाऱ्या संस्थेच्या अभियंत्यांनी तोच खर्च सुमारे २८ लाख पौंड काढला. एकाच बोगद्याच्या दोन अंदाजांत बारा पट फरक कसा पडू शकतो? अशा अंदाजातले मोठे आकडे विटांच्या भावातून येत नाहीत, गृहीतकांतून येतात. अस्तर जेथे खराब आहे तेवढेच दुरुस्त करायचे की सलग सगळे नव्याने बांधायचे, बांधकाम पुढची किती वर्षे टिकायला हवे, आत काय सापडेल हे माहीत नसल्याबद्दल किती टक्के जादा रक्कम धरायची, पाणी उपसण्याचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा, या चार-पाच प्रश्नांची उत्तरे सावधपणे दिली की आकडा चढतो आणि नेमकेपणाने दिली की उतरतो. घराच्या गळतीसाठी एक ठेकेदार एक सांधा भरतो आणि दुसरा सगळा स्लॅब फोडायला सांगतो, तसेच हे. फक्त येथे दुसऱ्याचे म्हणणे सरकारी अहवालात छापले जाते आणि मंत्री त्याचा आधार घेतात.

त्याउलट बोगदा कायमचा बंद करण्याचा, म्हणजे शाफ्टखालचे भाग भरून टाकण्याचा, सुरुवातीचा अंदाज साधारण ३० लाख पौंडांचा होता. साडेतीन कोटींपुढे तीस लाख हा निर्णय कोणालाही सोपा वाटेल. परंतु तुलना अशी करायची नसते. समजा, एखादी गोष्ट बंद करायला ४ रुपये लागतात आणि वापरात आणायला १० रुपये. तर ४ रुपये कोणत्याही परिस्थितीत जाणारच आहेत, आणि खरा प्रश्न उरतो तो वरच्या ६ रुपयांत आपल्याला काय मिळते एवढाच. सस्ट्रान्सने क्वीन्सबरीसाठी केलेल्या अभ्यासात पर्यटन, लोकांचे आरोग्य आणि मोटारींचा कमी झालेला वापर यांचे मोल धरून दर पौंडामागे दोन पौंडांहून अधिक लाभ मिळेल असे अनुमान निघाले. अशा अनुमानांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. चालण्या-सायकलच्या प्रकल्पांत आरोग्याच्या लाभाचा वाटा मोठा असतो आणि तो किती लोक खरोखर येतील या अंदाजावर उभा असतो. पण बंद करण्याच्या खर्चाचे अंदाजही तितकेच हलके असतात, हे येथे दिसलेच: पाणी आणि सुरक्षेची कामे वाढत जाऊन पुढच्या काही वर्षांत बोगद्यावर ७० लाख पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली आणि तरीही बोगदा ना धड बंद झाला होता, ना धड खुला.

२०१९ मध्ये बोगदा बंद करण्याच्या कामासाठी ब्रॅडफर्डच्या परिषदेकडे नियोजन परवानगीचा अर्ज आला, आणि मोहिमेला तिचे खरे हत्यार सापडले. ब्रिटनमध्ये अशा अर्जावर कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो आणि परिषदेला त्या हरकतींचा विचार करावा लागतो. ऑनलाइन स्वाक्षरी मोहीम आणि हरकत यांत हाच फरक आहे: स्वाक्षरीतून लोकभावना कळते, तर हरकतीत वाहतूक, वारसा, पाण्याचा निचरा असे नियोजनाच्या कायद्यात बसणारे कारण द्यावे लागते, आणि तिला उत्तर न देता पुढे जाणे प्रशासनाला अवघड होते. क्वीन्सबरीच्या अर्जावर सात हजारांहून अधिक हरकती आल्या. यामागे कागदपत्रांचे चिवट काम होते. आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे तसा ब्रिटनमध्ये २००० सालचा कायदा आहे, आणि त्याचा वापर करून मोहिमेतले लोक तपासणी अहवाल, पत्रव्यवहार, खर्चाचे तपशील मागवत राहिले.

लोकमताचा दबाव कितपत चालतो याचा एक दाखला बोगद्याबाहेरचा आहे, पण त्याच यंत्रणेचा. कंब्रियातल्या ग्रेट मस्ग्रेव्ह येथे १८६२ सालचा एक देखणा दगडी पूल २०२१ मध्ये आणीबाणीच्या अधिकाराचा आधार घेऊन सुमारे १,६०० टन खडी आणि काँक्रीटने बुजवण्यात आला. त्यावर गदारोळ झाला, स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये या कामाला नंतरची परवानगी नाकारली, आणि २०२३ मध्ये तो सगळा भराव यंत्रणेला स्वखर्चाने उकरून काढावा लागला. पूल पुन्हा मोकळा झाला. बोगद्याबाबत मात्र असे करता येईल का याची मला शंका आहे. पुलाखालचा भराव उघड्यावर असतो, जेसीबी लावून काढता येतो. बोगद्यात शाफ्टखाली ओतलेले काँक्रीट अस्तराला चिकटते आणि ते फोडताना अस्तरच सुटण्याची भीती असते. म्हणून बोगद्याच्या मोहिमा पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीसाठी धडपडतात, ती म्हणजे वेळ मिळवणे. निधी नंतर येऊ शकतो, सरकार बदलू शकते, परिषदेचे मन वळू शकते, पण तोवर आत काँक्रीट जाता कामा नये.

मार्ग सुरू झाल्यावरची कामेही थोडक्यात सांगायला हवीत, कारण अर्थसंकल्पात ती विसरली जातात. खाली निचऱ्याची गटारे ठेवून वर टणक पृष्ठभाग करावा लागतो. दिवे, आपत्कालीन संपर्काची सोय, तोंडाशी मोटारी अडवणारे खांब लागतात. जुन्या बोगद्यांत वटवाघळे वस्तीला असतात आणि ब्रिटनमध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण असल्याने दिव्यांचा प्रकाश कोठे आणि किती पडेल याचा विचार करावा लागतो. डार्बीशायरमध्ये मॉन्सल ट्रेल या मार्गावरचे चार मोठे बोगदे २०११ मध्ये खुले झाले. तेथे अंधार पडल्यावर दिवे बंद होतात. कूम डाउनमध्ये दिवे पहाटे ५ ते रात्री ११ पर्यंत चालू असतात, आणि आत एका भागात जाणाऱ्याची चाहूल लागताच प्रकाश व संगीत उमटवणारी एक कलाकृतीही बसवली आहे. रात्री ११ नंतर जाणाऱ्याने स्वतःचा दिवा आणायचा असतो.